भाकरी किती?

आमच्या कोल्हापुरात जेवण भाकरीत मोजतात. पाहुणा ताटावरून उठायला लागला की घरातली बाई विचारणार, "हे काय, दोनच?" दोन म्हणजे दोन भाकरी. त्या दोन भाकरींबरोबर त्यानं वाटीभर सुकं मटण, मागून मागून घेतलेला पांढरा रस्सा, दह्यातला कांदा आणि वर एक उकडलेलं अंडं संपवलेलं असतं, पण ते हिशेबात धरायचं नाही. ते सगळं नुसतं लावून खायला. पोरगा वयात आला हेसुद्धा त्याच्या भाकऱ्यांवरून कळतं, आणि दवाखान्यातून फोन येतो तोही "अर्धी भाकरी खाल्ली बघा आज" असाच.

अशा गावात डॉक्टरांनी भाकरी आणि भात निम्म्यावर आणायला सांगितला की घरावर सुतकी कळा येते. आमच्या घरावर ती दोघांच्या रिपोर्टांनी मिळून आणली, ह्यांच्या आणि माझ्या. ह्यांची साखर हद्द ओलांडून गेलेली, माझी हद्दीवर उभी. सासूबाईंना यातलं काहीच पटलं नाही. "अगं, ज्वारीची हाय की भाकरी. ज्वारीला कुठं साखर असती?"

ज्वारीवर आपला भरवसा फार. चपाती सोडून भाकरीवर आलो म्हणजे अर्धा मधुमेह गेला असं मानणारे आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात आहेत. १०० ग्रॅम पीठ घ्या, ज्वारीचं घ्या नाहीतर गव्हाचं, त्यात ६५ ते ७० ग्रॅम पिष्टच (कर्बोदकंच) असतं, आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. साठेक ग्रॅम पिठाची एक मध्यम भाकरी म्हणजे दोन चपात्यांच्या बरोबरीची. ज्वारीच्या बाजूनं बोलायचं तर भाकरी थापायला कष्ट पडतात, त्यामुळे करणारी बाई हात आखडता घेते. हा फायदा मी प्रामाणिकपणे मोजते.

गुळाचं तर बोलूच नये. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण साखरेचा चहा सोडून गुळाचा प्यायला लागलेली माणसं मोठा त्याग केल्याच्या चेहऱ्यानं हिंडतात, ते बघवत नाही. दोन्ही उसाच्या रसातूनच येतात. गुळात थोडं लोह, थोडे क्षार मागे राहतात. बाकी बहुतेक साखरच.

हे पिष्ट तोडायचं खूळ आजचं नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा शवपेट्यांचा आणि अंत्यविधींचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. वजन इतकं वाढलेलं की बुटाची नाडी बांधता येईना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडली, मटण-मासे-भाज्या धरल्या, उतरला, आणि १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापून लोकांना सांगत सुटला. धंद्याचं नुकसान करणारा असा माणूस विरळा.

खरी अडचण पिष्ट सोडण्याची नसते, त्यानंतर लागणाऱ्या भुकेची असते. भाकरी काढून घेतली आणि तिच्या जागी काकडीच्या चार चकत्या ठेवल्या, तर माणूस रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात डबे उघडताना सापडणारच. ह्यांना मी पकडलेलं आहे. पोट टिकून राहतं ते प्रथिनांनी, चोथ्यानं आणि स्निग्धानं. ही मंडळी जठरात रेंगाळतात. नुसतं पिष्ट लवकर पचतं, साखर भरकन चढते, भरकन उतरते, आणि दोन तासांत पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. म्हणजे ताटातून काय काढलं यापेक्षा त्या जागी काय आलं हे महत्त्वाचं. आणि इथं कोल्हापूर फार उपयोगी पडतं, कारण त्या जागी घालायच्या वस्तू आपल्याकडे आधीपासून चुलीवर असतात. आपण त्यांना फक्त 'लावून खायला' म्हणत आलो.

रविवारचं मटण घ्या. आलं-लसणाचं वाटण, मीठ आणि नावाला हळद लावून मटण भरपूर पाण्यात शिजवलं की वर जे पाणी राहतं ते अळणी. लहानपणी आम्हा पोरांना तेच वाटीत मिळायचं, तिखटाच्या आधी. त्याच अळणीतून दोन वाटा फुटतात. एकीकडे कांदा-लसूण चटणी तेलात पडून तांबडा रस्सा होतो. दुसरीकडे पांढऱ्यासाठी तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी तडतडतात, तीळ, खसखस आणि काजूचं बारीक वाटण पडतं, अळणी ओतली जाते आणि शेवटी नारळाचं दूध. ते घातल्यावर मात्र डाव हातात धरून तिथंच उभं राहायचं. जोराची उकळी आली की दूध फुटतं, मग रश्श्यावर पांढरे कण तरंगतात आणि पाहुणे काही बोलत नाहीत, पण बघतात. यात पिष्ट शोधायचं तर काजूत थोडं सापडेल. बाकी सगळं मटणाचं सत्त्व, नारळ, तीळ. काही खानावळींत रस्सा दाट दिसावा म्हणून कॉर्नफ्लोर घालतात, तो प्रकार मला साखरेच्या आधीपासूनच आवडत नाही.

आता आमच्याकडे वाढायचा क्रम बदलला. आधी पांढरा रस्सा प्यायचा, मग सुकं, दही-कांदा, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. आधीचं पोटात गेलेलं असलं की मागून येणारी भाकरी रक्तात सावकाश उतरते, आणि मुख्य म्हणजे अर्ध्यावर थांबता येतं. ह्यांना पहिल्यांदा भाकरीशिवाय वाटी दिली तेव्हा ते तिच्याकडे बघत बसले. भाकरीचा तुकडा मोडायची इतकी सवय की हाताला दुसरं काम माहीतच नाही. चमचा दिला. (मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी एकाएकी तोडली तर साखर खाली घसरून हातपाय थरथरतात. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ह्यांच्या गोळ्यांचं बघितलं, मग ताटाचं.)

रोज काही मटण होत नाही. अधल्यामधल्या वारांना अंडी, आणि सोमवार-गुरुवारला भरली वांगी. वांग्यात पिष्ट नावापुरतं. पण त्याच्या पोटात जे जातं, दाण्याचा कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी, ते जेवण आहे. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिनं आणि जवळजवळ निम्मं तेल. कपिलतीर्थ मंडईत हिरवी, पांढऱ्या रेघांची, काटेरी देठाची वांगी मिळाली की मी बाकी भाजीकडे बघत नाही. जांभळी मोठी वांगी भरीत करायला ठीक. भरलेली तीन वांगी आणि वाटीभर दही, एवढ्यावर दुपार निघते. चाकवत, अंबाडी, पोकळा, मेथी या भाज्या आपण भाकरीवर चिमूटभर ठेवून खातो; वाटीभर घेऊन बघावं. मेथीत मूगडाळ आणि लसूण सढळ हातानं घातला की वाटी जड होते. पिठल्याचं मात्र जपून. बेसनात प्रथिनं चांगली, पण निम्म्याहून जास्त पिष्टही असतं, आणि पिठलं एका वाटीवर थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

जेवणं अशी जमून गेली. जमत नाही ती संध्याकाळची पाच ते साडेसहाची वेळ. या शहराची रचनाच त्या वेळेविरुद्ध आहे. खासबागेच्या बाजूला भेळेच्या गाड्यांवर कांदा कापायला सुरुवात झालेली असते, रंकाळ्यावर कणसं भाजली जातात, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा वडा आलेला असतो. आणि घरात भडंग. भडंगाबद्दल मला राग नाही, पण ओळख करून घ्यायला हवी. चिरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, बाकी काही नाही. लसूण, कढीलिंब, शेंगदाणे आणि लाल तिखट यांच्या जिवावर तो ऐट करतो. डब्यात हात घातला की डबा रिकामा होईपर्यंत कळत नाही, आणि संपल्यावर भूक होती तिथंच असते.

मी भडंगातले शेंगदाणे वेचून खायला लागले तेव्हा घरात भांडणं झाली. शेवटी शेंगदाणेच वेगळे केले. वाळूत भाजलेले, मूठभर, त्यावर फोडणीतला करपलेला लसूण आणि तीच तिखट-मिठाची भुकटी. भडंगाची चव मिळते, तांदूळ नाही. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन ढिगानं पिकतं आणि आपण ते तेलाच्या गिरणीकडे पाठवून मोकळे होतो. रात्रभर भिजवून, पुसून, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतलं की संध्याकाळ सांभाळतं. वेळ लागतो, आणि कच्चट राहिलं तर वास येतो, हे सांगून ठेवते. पनीरचे तुकडे तव्यावर कडा लाल होईपर्यंत परतून वर कांदा-लसूण चटणी भुरभुरली की ह्यांना मटणाची आठवण येते. फुटाणे चांगले, पण ते हरभऱ्याचेच, बेसनाचा नियम त्यांनाही. तरी बिस्किटापेक्षा केव्हाही बरे.

बिस्किटांवरून आठवलं. दुकानात 'शुगर फ्री' असा हिरवा शिक्का मारलेली बिस्किटं मिळतात. साखर नसते, मैदा असतो. मैद्याला शिक्का लागत नाही. त्याच फळीवर 'कीटो' म्हणजे पिष्ट अगदी कमी असलेलं पीठ असतं, बदामाचं वगैरे, आणि त्याच्या किमतीत घरातल्या सगळ्यांचं मटण येतं. मी पिशवी उचलून किंमत वाचून परत ठेवते.

मिसळीचा प्रश्न मी सोडवला आहे असं मला वाटतं, मिसळवाल्याला वाटत नाही. मटकी जास्त, फरसाण वरून चिमूटभर, कट वेगळा, कांदा-लिंबू भरपूर, ब्रेड नको. मोडाच्या मटकीतही पिष्ट आहे, पण बरोबर चोथा आणि प्रथिनंही आहेत, आणि चार स्लाइस वाचतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरगं थांबलं. "काकू, उपास हाय काय?" उपासाला मिसळ कोण खातं, पण ब्रेड नाकारण्याचं दुसरं कारण त्याला सुचलं नाही. आता मी दिसले की आतून ओरडतो, "एक बिनब्रेड!" सगळं हॉटेल वळून बघतं.

उपासाचं वेगळंच आहे. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस धरायचे आणि साबुदाणा, वरी, रताळी, बटाटा यांवर काढायचे, म्हणजे एरवीच्या जेवणापेक्षा जास्त पिष्ट. साबुदाण्यात तर बाकी काही नसतंच. सासूबाईंना हे पटवायला मी गेले नाही. फक्त शेंगदाण्याची आमटी वरीवर घालण्याऐवजी वाटीत वाढली, जिरं, हिरवी मिरची आणि आमसूल घालून, सोबत दह्यातली काकडी. सासूबाई दोन वाट्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "आज वरी नकोच मला." मी पातेलं झाकून ठेवलं, विषय वाढवला नाही.

गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेच्या मटणाच्या जेवणाला, मात्र काहीच चालत नाही. तिथं भाकरी नको म्हटलं तर लोक दुखावत नाहीत, उलट खूश होतात. "भाकरी नको? मग मटण घ्या की वं!" आणि डाव उलटा होतो. तेवढ्यापुरता माझा आणि यजमानांचा आहार एकच असतो.

पुण्याला जाताना पंचाईत होते. गाडी जिथं थांबते तिथं वडापाव, भजी, पोहे, उसाचा रस, यापलीकडे काही नाही. म्हणून पिशवीत उकडलेली अंडी आणि छोट्या डबीत हिरव्या मिरचीचा खर्डा. बंद काचांच्या गाडीत अंडं सोलणं हे धाडसाचं काम आहे. कराड यायच्या आधी डबी उघडली तर शेजारच्या सीटवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी माफी मागायच्या बेतात, तोवर त्यांचं लक्ष डबीकडे गेलं. "खर्डा घरचा काय?" म्हटलं, हो, पाट्यावरचा. पदर खाली आला. साताऱ्याच्या आधी आमची चारही अंडी संपली, त्यांच्या पिशवीतली भाकरी मात्र त्यांनी मला आग्रहानं दिली. अर्धी खाल्ली. "अर्धीच?" त्या म्हणाल्या.