बिबट्या दिसला का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते. नाही, दिसला नाही. अकरा वर्षं झाली, आमच्या निसर्ग मंडळाबरोबर महिन्यातून दोनदा तरी येऊरला जाते, आणि दूधवाल्यापासून जाऊबाईंपर्यंत सगळ्यांना मी हेच उत्तर देत आलेय. ‘तुम्हाला नाही दिसला, पण त्याला तुम्ही दिसला असाल’ हेही ऐकून झालंय. हे वाक्य जो बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा आता मंडळाचा नियमच आहे.

तो आहे, यात वाद नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं आणि येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. २०१८ साली कॅमेरा ट्रॅप लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आसपासचा भाग मिळून ४७ बिबटे नोंदले गेले. पण तो बहुतेक अंधारात फिरणारा प्राणी. आणि आम्ही पंधरा-सोळा जण सकाळी साडेसहाला फाटकावर तिकीट काढणार, एकाच्या बुटाची करकर, दुसरीच्या डब्यात चमच्याचा खुळखुळाट, अशी ही वरात आत शिरणार. त्याने कशाला थांबावं?

एकदा मात्र मी जवळजवळ जाहीर करून बसले होते. जुलै महिना, रात्रभर पाऊस पडून गेलेला, आणि ओल्या चिखलात एक ठसठशीत ठसा. मी शेजारी पेन ठेवून फोटो काढला, वहीत तारीख-वेळ घालून ‘बिबट्या, पाऊलखूण’ असं टपोऱ्या अक्षरात लिहिलंसुद्धा. मंडळातले एक निवृत्त मास्तर उकिडवे बसले. छत्रीच्या टोकाने त्यांनी बोटांच्या पुढची चार बारीक भोकं दाखवली. ‘ही नखं. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याला ते जमत नाही.’ पुढच्या वळणावर पाड्यातला मोत्या शेपूट हलवत उभाच होता. वहीतली ती ओळ मी खोडली, पण कुणीतरी समोर लाल शाईने ‘मोत्या’ असं लिहून ठेवलंय. नवीन माणूस आला की त्याला ते पान आधी दाखवतात.

ही वही म्हणजे दुकानात मिळते ती साधी लांबडी खतावणी. तिसरी चालू आहे. कुठल्या वाटेने गेलो, आभाळ कसं होतं, काय दिसलं, काय नुसतं ऐकू आलं, एवढंच. ‘आज विशेष काही नाही’ अशी पानंही बरीच आहेत. पण त्यामुळेच एका वळणावरची काटेसावर कुठल्या वर्षी कधी फुलली ते आम्हाला सांगता येतं. पानं गळून झाड ओकंबोकं झालेलं आणि फांद्यांवर ती मांसल लाल फुलं. बुलबुल, साळुंक्या, सूर्यपक्षी सगळे तिथे हजेरी लावणार. कारवीसाठी तर वहीच हवी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झुडपाचा हिशोब कोण डोक्यात ठेवणार?

आम्ही ऐरोलीलाही जातो, पण तिथली गोष्ट वेगळी. तिथे जंगल नाही, खाडी आहे. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित, आणि इथे ते हजारोंनी येतात, त्यामुळे ‘दिसतील का’ हा प्रश्न नसतो. किती लांब दिसतील, हा असतो. ओहोटीला ते दूर चिखलात पांगतात, पाणी चढू लागलं की सरकत सरकत काठाकडे येतात. म्हणून आमची तारीख पंचांगावर ठरते. कोळी लोकांचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरायचं. म्हणजे रविवारी एकादशी किंवा द्वादशी आली की आम्ही सातलाच हजर. एकादशी आली तर मात्र निम्म्या मंडळीचा उपास असतो, मग पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी. माझं मत विचाराल तर भरतीपेक्षा तिच्यासाठीच काही जण येतात.

आणि महिन्याची बैठक. नौपाड्यातल्या एका सभासदाच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. बाहेरच्यांना वाटतं आम्ही तिथे फोटो बघून वा वा करतो. आम्ही भांडतो. गेल्या मे महिन्यात एका फोटोवर दीड तास गेला. करडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची लांब शेपटी, पिवळा डोळा. निम्मे म्हणाले शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी. निम्मे म्हणाले पावशा, तोच तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडणारा. पावशा दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा, उडतोही तसाच. छोटे पक्षी त्याला बघून शिक्रा आला म्हणून घाबरतात. तो कोकीळकुळातला, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा, त्याला हे सोंग कामाला येत असणार. शेवटी फोटो मोठा करून चोच बघितली. शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली असते. ही सरळसोट, टोकाला जेमतेम बाक. पावशा. ज्यांचा फोटो होता त्या काकू गाल फुगवून बसल्या, कारण त्यांनी ‘शिक्रा’ म्हणून तो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाला होता.

आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दर रविवारी दुपारी जिन्यात भेटले की ‘काय ताई, बिबट्या?’ शेवटी गेल्या पावसाळ्यात मी त्यांना बरोबर नेलं. पहिला तासभर ते झाडाझुडपात टॉर्च मारत होते, सकाळी सात वाजता. मग एका खालच्या फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं दिसलं, अर्धवट शिवलेलं. मुंग्यांची एक रांग दोन पानांच्या कडा ओढून धरून होती. दुसऱ्या मुंग्या तोंडात स्वतःच्या अळ्या धरून इकडून तिकडे फिरवत होत्या. त्या अळ्यांच्या तोंडातून रेशमी धागा निघतो, तोच यांचा दोरा. सेक्रेटरी चष्मा वर करून वाकले ते वाकलेच. आम्ही पुढे गेलो, परत आलो, तरी ते तिथेच. मानेवर दोन मुंग्या चावल्या होत्या, त्या झटकायलाही विसरले होते.

येताना बसमध्ये त्यांनी मला एकच विचारलं. त्या पोराबाळांना शिवणकामाला लावतात, मग त्यांचं स्वतःचं कोष विणणं कसं होतं? मला उत्तर येईना. मास्तरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की धागा सगळा घरट्यातच खर्च होतो, त्या अळ्या कोष न विणताच मोठ्या होतात. सेक्रेटरी जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हे वहीत लिहिलंत का?’

लिहिलं नव्हतं. घरी येऊन लिहिलं.