पियानोच्या हॅमरची जवारी

जुना पियानो कर्कश वाजायला लागला की आपण ट्यूनरला बोलावतो. तो तारा सुरात आणून देतो, तरी आवाज काही सुधारत नाही. मग "गेला आता हा" म्हणून पियानोवर चादर पडते ती कायमची. बेळगावच्या कॅम्पात, जुन्या बंगल्यांतून असे चादरीखालचे पियानो मी पाहिलेत. त्यातला एक माझ्याकडे आला. त्याचे सगळे हॅमर, म्हणजे पट्टी दाबली की तारेवर आदळणारी, फेल्ट (दाबून घट्ट केलेली लोकर) लावलेली लाकडी डोकी, बदलून तो परत वाजता केला. ते काम कसं झालं, कुणाकडून काय करून घेतलं, हे सविस्तर लिहितोय, कारण असे पियानो वाचवण्यासारखे असतात.

मी मूळचा पेटीवाला. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या या गावात पेटी उघडून बसणारे हात अजून मिळतात, पियानोला हात लावणारा मात्र सहजी मिळत नाही. माझ्याकडे आलेला पियानो जर्मन, उभा, ८५ पट्ट्यांचा. आजच्या पियानोला ८८ असतात, जुन्यांत ८५ पुष्कळदा आढळतात. मधल्या दोन सप्तकांत त्याचा आवाज टणटणीत आणि बोचरा झाला होता. वरच्या टोकाला तर सूरच ऐकू येत नव्हता, नुसतं लाकडाचं टक् टक्.

गोव्याहून चोर्ला घाटानं एक वयस्कर ट्यूनर आले. त्यांनी तारा लावल्या, खुंट्या तपासल्या आणि मला म्हणाले, "तारा चांगल्या आहेत, खुंट्याही घट्ट आहेत. मास्तर, तुम्ही हॅमर बघा."

वरचं झाकण आणि पुढची फळी काढली, अ‍ॅक्शनचे, म्हणजे पट्टीचा दाब हॅमरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेचे, स्क्रू सोडले आणि अख्खी अ‍ॅक्शन दोघांनी उचलून टेबलावर ठेवली. इथं एक गोष्ट आधी करायची: प्रत्येक हॅमरच्या लाकडावर पेन्सिलीनं आकडा घालायचा, एक ते पंच्याऐंशी. नंतर हे आकडे जागोजागी कामाला येतात.

उजेडात धरल्यावर सगळं दिसलं. मधल्या भागात एका स्वराला तीन तारा असतात, त्यामुळे हॅमरच्या नाकावर, म्हणजे तारेला लागणाऱ्या टोकावर, शेजारी शेजारी तीन चर पडले होते. चर इतके खोल, की नाकाचा गोलावा जाऊन तिथं सपाटी आली होती. चरांच्या तळाशी फेल्टमध्ये नख रुतत नव्हतं. वरच्या शेवटच्या सप्तकात फेल्ट झिजून लाकूड उघडं पडलं होतं आणि ते लाकूडच तारेवर आपटत होतं. खर्जाच्या काही हॅमरच्या खांद्यांना, म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंच्या उतारांना, कसर लागली होती. फेल्ट म्हणजे शेवटी लोकर, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. पट्टी दाबली की हॅमर तारेवर आदळतो आणि लगेच मागं येतो. तारेला तो जेवढा वेळ चिकटून असतो, तेवढ्यात स्वराचा रंग ठरतो. खर्जात हा वेळ चार मिलिसेकंदांच्या आसपास, वरच्या टोकाला एका मिलिसेकंदाहून कमी. हॅमर मऊ असेल तर तो जास्त वेळ टेकून राहतो आणि वरचे उपस्वर स्वतःच दाबून टाकतो, आवाज गोल येतो. कडक असेल तर चटकन सुटतो आणि वरचे उपस्वर उधळतात. शिवाय चांगल्या फेल्टचा एक गुण असा, की ते जितकं दाबलं जाईल त्याच्या कितीतरी पट घट्ट होत जातं. म्हणून हळू वाजवलं तर तोच स्वर मृदू, जोरात वाजवलं तर तेजस्वी. पेटीत भाता जोरानं मारला तर आवाज मोठा होतो, रंग फारसा बदलत नाही. पियानोत बोटाच्या जोरावर रंग बदलतो, आणि ती सगळी करामत या बोटभर फेल्टची आहे. ते कडक होऊन बसलं की हळू वाजवा नाहीतर जोरात, एकच बोचरा रंग.

मला हे पटलं ते जवारीमुळं. मिरज आपल्यापासून काही तासांवर. तिथले कारागीर तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) कानसून जवारी काढतात, म्हणजे स्वराचा रंग जुळवतात, ते मी लहानपणापासून बघत आलोय. तार तीच, सूर तोच, पण घोडीचा उतार केसभर बदलला की स्वर उघडतो नाहीतर मिटतो. पुढं वाचताना कळलं, की सर सी. व्ही. रामन यांनी या दोन्ही गोष्टींवर काम केलंय. १९२० साली त्यांनी बी. बॅनर्जी यांच्याबरोबर पियानोच्या हॅमरच्या आघातावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला, आणि १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर लिहिलं. पियानो परका आणि तंबोरा आपला, असं त्यांच्या अभ्यासाला वाटलं नाही. मला या गोष्टीचा फार आनंद झाला, आणि कामाला हात घालायचं धैर्यही आलं.

हॅमर घडतो कसा तेही समजून घेतलं. पियानोचा जनक मानला जाणारा फ्लॉरेन्सचा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी आपल्या हॅमरवर चामडं लावायचा, आणि पुढं शंभरेक वर्षं चामडंच चाललं. १८२६ साली पॅरिसच्या जाँ-हेन्री पाप यानं फेल्टच्या हॅमरचं पेटंट घेतलं. मग लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या, त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांवर गेला, आणि चामडं मागं पडलं. आता फेल्टची एक लांब पट्टी घेतात, खर्जाकडं जाड आणि वर पातळ होत जाणारी. लाकडी गाभ्यांच्या रांगेवर ती गोंद लावून प्रचंड दाबाखाली वाकवतात आणि मग एकेक हॅमर कापून सुटा करतात. वाकवताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. हा ताण म्हणजेच हॅमरचा जीव.

म्हणूनच मी ट्यूनरना विचारलं, की फक्त वरचे वीस नवे घेतले तर चालतील का, तेव्हा ते म्हणाले, "सगळा संच एका पट्टीतून निघतो. अर्धे जुने, अर्धे नवे घातलेत तर जोड ऐकू येईल." फेल्ट पुरेसं उरलं असतं तर पॉलिश पेपरनं चर घासून नाकाला परत आकार देता आला असता. ज्यांच्या हॅमरवर फेल्ट शिल्लक आहे त्यांनी तेवढंच करावं, खर्च वाचतो. माझ्या पियानोत वर घासायला काही उरलंच नव्हतं.

ओळखीतल्या काहींनी सुचवलं, की धनगरांची लोकर इथंच मिळते, फेल्ट इथंच का करू नये? मीही त्याचा विचार केला. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ. घोंगडं तिचंच व्हावं, पाऊस तेच अडवतं. हॅमरला मेरिनोसारखी बारीक लोकर लागते, जिचे तंतू एकमेकांत गच्च गुंततात. त्यामुळं हॅमर मुंबईच्या एका दुकानामार्फत जर्मनीहून मागवले.

मागवताना मापं चुकवून चालत नाही. प्रत्येक विभागाचा पहिला आणि शेवटचा हॅमर नमुना म्हणून पाठवावा लागतो. दांडीच्या भोकापासून नाकापर्यंतची लांबी, दांडीची जाडी, भोकाचा कोन, सगळं जुळावं लागतं. खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या जातात, म्हणून तिथले हॅमरही दांडीवर तिरपे बसतात, आणि तो तिरपेपणा प्रत्येक विभागात वेगळा. माल यायला बराच वेळ गेला, कागदपत्रं पुन्हा पुन्हा द्यावी लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

संच आल्यावर शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन जुने आणि नवे काट्यावर घातले. खर्जाचा हॅमर दहा ग्रॅमच्या आतबाहेर, वर जाताना वजन उतरत उतरत निम्म्याच्या खाली. नव्या-जुन्यात थोडा फरक असणारच, जुने झिजलेले होते. बघायचं ते हे, की वजनाची उतरण सलग आहे, मध्येच उडी नाही. सराफांनी प्रत्येक नग जिवापाड सांभाळून काट्यावर ठेवला. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

जुने हॅमर दांडीवरून काढायचं काम आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी केलं. मला दांड्या मोडायची भीती होती. मेस्त्री एक हॅमर हातात फिरवून म्हणाले, "सर, हे सरसचं काम हाय न्हवं? मग भ्यायचं काय? वाफ लागली की सुटतंय बघा." सरस म्हणजे सुतारांचा जुना, गरम करून लावायचा गोंद. खरंच सुटलं. त्यांनी एक छोटा साचा केला, दांडी हलू नये म्हणून, आणि वाफेवर धरून एकेक डोकं अलगद ओढून काढलं. दांड्या सगळ्या शाबूत राहिल्या. जुन्या कारागिरांनी सरस वापरला तो यासाठीच, की पुढच्या माणसाला काम उलगडता यावं. नवेही सरसनंच बसवायचं आम्ही ठरवलं.

सगळे एकदम काढायचे नाहीत. दर सात-आठ हॅमरनंतर एक जुना जागेवर ठेवायचा आणि त्यांच्या नाकांच्या रेषेत दोरा ताणायचा. नवा हॅमर त्या दोऱ्याला आणि मेस्त्रींच्या गुण्याला (काटकोन तपासायच्या हत्याराला) जुळला पाहिजे. सरस साठेक अंशांवर गरम ठेवायचा, उकळू द्यायचा नाही. दांडीच्या टोकाला सरस लावला, की हॅमर बसवून सरळ करायला अगदी थोडा वेळ मिळतो. त्यामुळं आधी सरस न लावता बसवून बघायचं, खूण करायची, मग लावायचा. काम दिवाळीनंतर काढलं ते हवेसाठी. आषाढात सरस वाळता वाळत नाही.

सगळ्यात वरचे पंधरा-वीस हॅमर आम्ही वेगळ्या पद्धतीनं बसवले. तिथं तार एवढी आखूड, की नाक मिलिमीटरभर वर किंवा खाली लागलं तरी स्वर खुलतो किंवा मरतो. म्हणून प्रत्येक हॅमर नुसता अडकवून, थोडा वर-खाली करून, वाजवून ऐकला आणि जिथं स्वर स्वच्छ आला तिथंच चिकटवला. दोऱ्याची रेष तिथं किंचित वाकडी दिसते. दिसू दे, कानाला ती सरळ आहे.

नव्या हॅमरचं नाक जाड, त्यामुळं अ‍ॅक्शन परत बसवल्यावर सगळी जुळणी नव्यानं करावी लागते. हॅमर तारेपासून साधारण ४५ मिलिमीटर मागं विसावला पाहिजे, आणि पट्टी हळू दाबली तर तारेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडं सुटला पाहिजे. हे जुळलं नाही तर तो तारेला चिकटून बसतो आणि स्वर गुदमरतो. हे काम ट्यूनरनी केलं, मी शेजारी बसून शिकलो.

आणि मग जवारी. पाश्चात्त्य कारागीर याला व्हॉइसिंग म्हणतात. लाकडी मुठीत बसवलेल्या तीन बारीक सुया असतात. त्या फेल्टमध्ये टोचून तंतू सैल करायचे. नाकावर खोल टोचायचं नाही, तिथला ताण एकदा गेला की परत येत नाही. टोचायचं ते दोन्ही खांद्यांत, गाभ्याच्या दिशेनं, म्हणजे नाकाखालची उशी लवचिक होते. मधल्या सप्तकातली काळी चार शेजाऱ्यांपेक्षा बोचत होती. ट्यूनरनी ती आधी अगदी हळू वाजवली, मग मध्यम, मग जोरात. हळू गोड, मध्यम ठीक, जोरात वाजवली की किंचाळी. म्हणजे दोष वर नाही, आत खोल आहे. त्यांनी डावीकडच्या खांद्यात, नाकापासून लांब, दोनदा सुया घातल्या. वाजवलं. उजवीकडं एकदा. परत वाजवलं. किंचाळी गेली आणि हळूचा गोडवा तसाच राहिला. "आता हात लावायचा नाही," म्हणाले. कुठं थांबायचं, हे कळणं हीच या कामातली खरी विद्या, असं माझं मत झालंय. सुईनं सैल केलेलं फेल्ट घट्ट करायला रसायनं आहेत, इस्त्रीही आहे, पण ते डागडुजीचे उपाय.

दुसऱ्या दिवसापासून मीही सुई धरली. वरचे शेवटचे हॅमर मुद्दाम तसेच ठेवले, तिथं कडकपणाच हवा. खर्ज आणि मधल्या तारांच्या सांध्यावर दोन स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. एक तांब्याचं वेटोळं घातलेल्या तारेचा, दुसरा साध्या तारेचा. त्यांना अजून हात लावलेला नाही. नवं फेल्ट वाजून वाजून दबतं आणि हळूहळू उजळ होत जातं, म्हणून ट्यूनरनी सगळा पियानो जरा मऊच ठेवायला सांगितलाय. निपाणीहून येणारी माझी एक विद्यार्थिनी आणि गावातली तीन मुलं त्यावर रोज रियाज करतात. पाऊस संपून हवा कोरडी झाली, की ट्यूनर परत येणार आहेत. तेव्हा आधी तारा लावायच्या आणि मग त्या सांध्यावरच्या दोन हॅमरपासून सुरुवात करायची, असं ठरलंय.

तोवर वरचं झाकण आठवड्यातून एकदा उघडून उजेड आणि वारा आत जाऊ देतो आणि टॉर्च घेऊन खांदे तपासतो. कसर अंधारात, न हललेल्या फेल्टमध्येच लागते. ज्यांच्या घरी पियानो चादरीखाली आहे, त्यांनी चादर काढून निदान एवढं तरी आजच बघावं: नाकावर चर किती खोल आहेत आणि त्यांच्या खाली फेल्ट किती उरलंय.