नाथसागरावर नॉट, सागरी मैल आणि साधा मैल

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की चितेगाव, बिडकीन, ढोरकीन मागे पडत जातात. जायकवाडीच्या भिंतीपाशी आलं की रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड संपतात आणि पश्चिमेला नुसतं पाणी दिसतं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. भिंत सुमारे 10 किलोमीटरची, दरवाजे 27. तिच्यामागचा जलाशय म्हणजेच नाथसागर. तो भरला की लांबी सुमारे 55 किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी 27 किलोमीटरपर्यंत जाते. मराठवाड्याला समुद्र नाही, पण पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी नक्की आहे. अशा पाण्यावर अंतर आणि वेग कशात मोजतो, हे काठावरच ठरवून निघावं लागतं.

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि जलसंपदा खात्याचे नियम आधी पाहायचे. मगच इंजिनाचा विषय.

होडीत बसल्यावर घोळ कसा होतो ते बघा. जीपीएस नॉट, म्हणजे तासाला किती सागरी मैल, ते दाखवतो. डॅशबोर्डवरचा वेगाचा काटा अमेरिकन बनावटीचा असेल तर ताशी मैल दाखवतो. मोबाइलचा नकाशा किलोमीटर दाखवतो. तिन्हीकडे आकडा एकच, समजा 8. पण 8 नॉट म्हणजे ताशी 14.8 किलोमीटर, ताशी 8 मैल म्हणजे 12.9 किलोमीटर, आणि ताशी 8 किलोमीटर म्हणजे जेमतेम 4.3 नॉट.

सागरी मैल 1852 मीटरचा. हा आकडा 1929 साली मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला. त्याआधी ब्रिटिशांचा सागरी मैल 6080 फुटांचा होता, म्हणजे मीटरभरानं मोठा. जमिनीवरचा मैल 1609.344 मीटरचा. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नॉटमध्ये तास आधीच आलेला असतो, त्यामुळे ‘ताशी 8 नॉट’ असं म्हणायचं नाही, नुसतं 8 नॉट. तोंडी हिशेबासाठी नॉटमध्ये पंधरा टक्के मिळवले की ताशी मैल येतात. किलोमीटरचे नॉट करायचे असतील तर अर्धे करा आणि त्या अर्ध्यात आठ टक्के मिळवा. 40 चे 20, वर 1.6, म्हणजे 21.6 नॉट.

सागरी मैल आला कुठून हे कळलं की तो पाठ करावा लागत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे हे मिनिट विषुववृत्तावर सुमारे 1843 मीटर भरतं, ध्रुवावर 1862. पैठण साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे, तिथे ते सुमारे 1845 मीटर येतं. फरक सात मीटरचा, होडीसाठी नगण्य. म्हणून नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेवरची अक्षांशाची पट्टी हीच मोजपट्टी. डिव्हायडर रुंदावून दोन ठिकाणांवर ठेवायचा, तसाच उचलून कडेच्या पट्टीला लावायचा, जितकी मिनिटं तितके सागरी मैल. वरच्या-खालच्या पट्टीवर मात्र कधीही मोजू नका. ती रेखांशाची. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे पैठणला रेखांशाचं मिनिट सुमारे 1750 मीटरचंच असतं. त्या पट्टीवर मोजलेलं अंतर पाच-सहा टक्क्यांनी फुगून येतं.

याहून महाग पडणारी चूक जीपीएसच्या पडद्यावर होते. उत्तर 19° 29.300′ असं दिसलं की अनेक जण 29 मिनिटं 30 सेकंद वाचतात. ते 29.3 मिनिटं आहे, म्हणजे 29 मिनिटं 18 सेकंद. 30 सेकंद म्हणजे 29.500. फरक 0.2 मिनिटाचा, पाण्यावर जवळपास 370 मीटर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधलेली मासेमारीची जाळी पसरलेली असतात. इंजिनाचा पंखा जाळ्यात गुंतवायला 370 मीटर खूप झाले. मार्गावरच्या खुणा कुणाकडून घेताना मिनिटं दशांशात आहेत की सेकंदात, हे पहिल्यांदा विचारावं.

वेगाच्या काट्यावर किती विसंबायचं, तेही सांगायला हवं. तळाशी लावलेल्या नळीत घुसणाऱ्या पाण्याच्या दाबावर बरेचसे काटे चालतात. संथ वेगात दाब कमी, म्हणून ताशी दहा मैलांच्या खाली ते भरवशाचे नाहीत. त्यात नाथसागरात गाळ आणि शेवाळ. नळीचं तोंड बुजलं की होडी पळत असताना काटा शून्यावर. बारीक तार घालून ते साफ करावं लागतं. शिवाय हा काटा पाण्यातला वेग सांगतो, जीपीएस जमिनीवरचा. धरणाचे दरवाजे बंद असताना दोन्ही आकडे जवळपास जुळतात. नदीच्या प्रवाहात जुळत नाहीत, आणि मुक्कामाला कधी पोचू हे जीपीएसच सांगतो.

उपकरण नसलं तरी अडत नाही. जुन्या जहाजांवर दोरीला 47 फूट 3 इंचांवर गाठी मारत, टोकाला फळी बांधून ती पाण्यात टाकत आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. आपल्या होडीवर याहून सोपं आहे. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, पाण्यात लाकडाची ढलपी टाका आणि ती मागच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते बघा. मीटरमधली लांबी भागिले सेकंद, गुणिले 1.94, की नॉट आले. सहा मीटरची होडी तीन सेकंदांत पुढे गेली तर 3.9 नॉट. दोन-तीनदा करून सरासरी घ्यावी.

आता पेट्रोल, कारण एककाचा गोंधळ शेवटी टाकीवर येतो. एक भाग जायला, एक यायला, एक राखीव, हा नियम. 10 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ताशी साधारण 4 लिटर पितं असं धरू. 10 सागरी मैल जायचं आणि वेग 8 नॉट. वेळ 75 मिनिटं, पेट्रोल 5 लिटर. म्हणून 15 लिटर घेतलं. तो 8 प्रत्यक्षात ताशी मैल असेल तर एका बाजूला 86 मिनिटं आणि पावणेसहा लिटर लागतात. राखीवमधून निभावतं. पण तो 8 ताशी किलोमीटर असेल, तर एका बाजूलाच 2 तास 19 मिनिटं आणि सव्वानऊ लिटर. जाऊन येऊन साडेअठरा. होडी परतीच्या वाटेवर, पाण्याच्या मधोमध बंद पडणार.

वाऱ्याचंही तसंच. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा ताशी 30 ते 40 किलोमीटर म्हणतो, म्हणजे 16 ते 22 नॉट. बरीच अ‍ॅप मात्र नॉटच दाखवतात. तिथला 16 किलोमीटर समजून कुणी निघालं, तर पाण्यावर ताशी 30 किलोमीटरचा वारा आणि लाटांवर जागोजाग फेसाचे पांढरे तुरे भेटतात. पश्चिमेच्या वाऱ्याला इथे मोकळ्या पाण्याचा लांब पट्टा मिळतो आणि लाट भिंतीकडे येईपर्यंत वाढत जाते. त्यामुळे अशा दिवशी भिंतीच्या दगडी पिचिंगला, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांना, होडी लावायला जाऊ नये. वाऱ्याच्या आडोशाचा काठ नकाशावर आधीच हेरून ठेवावा आणि तिथपर्यंतचे सागरी मैल मोजून ठेवावेत.