काळा घोडा ते काळा घोडा

घोडा मला स्टुटगार्टच्या पश्चिमेकडच्या जंगलात मिळाला. एका पडलेल्या ओकच्या बुंध्याखाली दारूगोळ्याची जुनी हिरवी पेटी होती, तिच्यात. बोटभर उंचीचा, लाकडी, काळा, मागच्या दोन पायांवर उभा. गळ्यात बारीक साखळी आणि तिला ट्रॅव्हल बगचा बिल्ला.

जिओकॅशिंग माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. लोक डबे लपवतात (या डब्याला ‘कॅश’ म्हणतात), बाकीचे शोधतात, आतल्या वहीत सही करतात. ट्रॅकेबल म्हणजे या डब्यांमधून फिरणारी वस्तू; ट्रॅव्हल बग (टीबी) हा तिचाच एक प्रकार. तिच्या बिल्ल्यावर एक गुप्त कोड असतो. एका डब्यातून ती उचलायची, नोंद करायची, दुसऱ्यात ठेवायची, पुन्हा नोंद करायची. दोन डब्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर तिच्या खात्यात जमा होतं. ती आपली होत नाही. साधारण दोन आठवड्यांत पुढे सोडावी, असा शिष्टाचार आहे.

घरी येऊन खेळाच्या संकेतस्थळावर कोड टाकला आणि घोड्याच्या पानावरचा हेतू वाचून मी उठून उभीच राहिले. स्टुटगार्टच्या मानचिन्हात सोनेरी पार्श्वभूमीवर उसळता काळा घोडा आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत. मालकाने लिहिलं होतं: या घोड्याला मुंबईतल्या काळ्या घोड्याला भेटायचंय. घोडा तीन वर्षं फिरत होता, पण सगळा युरोपातच. तीनदा ऑस्ट्रियात जाऊन परत आला होता. माझं बालपण गिरगावात गेलेलं. आता हा घोडा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा प्रश्नच नव्हता.

मी मालकांना संदेश पाठवून विचारलं, कुरिअर केला तर चालेल का? त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: माणसाबरोबर जाऊ दे. मला ते पटलं. पाकिटातून गेलेल्या वस्तूच्या पानावर अंतर वाढतं, पण सांगण्यासारखं काही उरत नाही.

मग मी वाटा शोधायला लागले. विमानतळाजवळचे मोठे डबे असतात, त्यांना ‘टीबी हॉटेल’ म्हणतात. प्रवासी तिथे ट्रॅकेबल ठेवतात आणि उचलतात. पण तिथून मुंबईलाच जाणारा माणूस कधी यायचा? विमान कर्मचाऱ्यांमध्ये हा खेळ खेळणारे बरेच आहेत, पण माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. जर्मनीतल्या मोठ्या मेळाव्यात हातोहात देता आला असता. पाचशेवर माणसं आली तर मेगा, पाच हजारांवर आली तर गिगा. पहिला गिगा म्युनिकलाच झाला, २०१४ मध्ये. पण तिथले लोकही बहुतेक युरोपातच फिरणार.

नेमकी त्याच महिन्यात मावशी माझ्याकडे आली होती आणि परत मुंबईला निघाली होती. तिला मी घोडा दाखवला. २००८ मध्ये एक अंतराळ पर्यटक असाच बिल्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर घेऊन गेला होता, आणि २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या एका चकतीवरही असा कोड आहे, हेही सांगितलं. मावशी म्हणाली, “मंगळावर जातो, मग माझ्या पर्समधून गिरगावला जायला काय झालं?” जानेवारीत मी येईपर्यंत घोडा तिच्याकडे राहील, हे मालकांना कळवलं. त्यांनी आनंदाने होकार दिला. मावशी खेळत नाही, म्हणून नोंदीत घोडा माझ्याच नावावर राहिला.

साडेसहा हजार किलोमीटर असे एका पर्समधून पार पडले. मला वाटलं होतं, अवघड भाग संपला. तो पुढे होता.

मुंबईतल्या डब्यांचा नकाशा उघडला तर ठिपके मोजकेच. दक्षिण मुंबईत मला दिसले ते सगळे छोटे, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीएवढे किंवा त्याहून लहान. घोड्याचं डोकंसुद्धा आत जाणार नाही. मग स्वतःच एक मोठा डबा लपवावा का, यावर चार दिवस विचार केला आणि सोडून दिला. जिथे लोकलमध्ये रोज बेवारस वस्तूंबद्दल सूचना ऐकू येतात, ज्या शहराने ते भोगलंय, तिथे गर्दीच्या ठिकाणी बंद पेटी ठेवणं मला चुकीचं वाटतं. नुसती ‘व्हिजिट’ची नोंद करता आली असती. म्हणजे घोडा माझ्या खिशात, डब्याला भेट दिली, अंतर जमा, आणि घोडा पुन्हा माझ्याबरोबर जर्मनीत. पण मग हिंदुस्थानातल्या कुणाच्याच हाताला तो लागला नसता.

तोडगा नियमावलीतच सापडला. कॅश म्हणजे डबाच असायला हवा असं नाही. ‘इव्हेंट’ हाही कॅशचाच प्रकार आहे. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, किमान तीस मिनिटांची भेट. सर्वांना खुली, धंदा नाही, आणि निदान दोन आठवडे आधी तपासणीला पाठवलेली. इव्हेंटमध्ये ट्रॅकेबल ‘ड्रॉप’ करता येतं आणि आलेला कुणीही ते उचलू शकतो. डबा न ठेवता घोडा मुंबईत ठेवायचा असेल तर माणसांचाच डबा करायचा!

जागा उघड होती: काळा घोडा. सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. पुतळा गेला तरी नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा आला, स्वाराविना. मी इव्हेंटचं पान लिहिलं: १८ अंश ५५ मिनिटं उत्तर, रविवार, सकाळी आठ ते साडेआठ. तपासनीसाने नेमकं कुठे उभं राहणार ते विचारलं. मी फुटपाथचा बिंदू दिला. तीन दिवसांत पान प्रसिद्ध झालं.

मुंबईला पोचल्यावर मावशीने घोडा हातात ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. गळा मोकळा होता. बिल्ल्याशिवाय तो नुसतं खेळणं. सापडलेल्या माणसाने नोंद करायची कशी? मावशी शांतपणे म्हणाली, “अगं, काढून ठेवलाय. पत्रा घासून त्याच्या मानेवरचा रंग जात होता.” बिल्ला हळदीकुंकवाच्या डबीत निघाला. तिचं निरीक्षण बरोबर होतं, मानेवर खरंच ओरखडा होता. तिने साखळी काढली आणि बिल्ला वेणीच्या काळ्या गोंड्याच्या दोऱ्याने पोटाभोवती बांधला, खोगिरासारखा. मी फोटो काढला, कोडवर बोट ठेवून. तो कोड फोटोत दिसला तर घरबसल्या कुणीही खोटी नोंद करू शकतं.

रविवारी आठला मी आणि मावशी उभ्या. आठ पाचपर्यंत कुणी नाही. मग एक चेक जोडपं आलं, पाठीवर सॅक घेऊन. मग वसईहून एक कॉलेजची मुलगी, जिची ही पहिलीच नोंद होती. सर्वांत शेवटी रत्नागिरीचा एक तरुण, मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर. सगळ्यांनी वहीत सह्या केल्या, मावशीनेही, देवनागरीत. लाकडी घोडा मोठ्या घोड्यासमोर धरून प्रत्येकाने फोटो काढला. मी तिथेच फोनवर ‘ड्रॉप’ची नोंद केली. पानावर अंतराचा आकडा एकदम उडी मारून वर गेला.

पाचच मिनिटांत मालकांचा संदेश आला. ते स्टुटगार्टमध्ये पहाटे पावणेचारला जागे होते. हेतू त्यांनी लगेच बदलला: आता घरी परत यावं, पण विमानाने नको.

चेक जोडपं विमानानेच परतणार होतं. वसईच्या मुलीला घोडा फार आवडला होता. तिने तो बराच वेळ तळहातावर धरला आणि मग स्वतःच त्या तरुणाकडे वळली. “दादा, तुमचं जहाज कुठे जातं?” तो म्हणाला, “न्हावाशेव्याहून बुधवारी सुटतंय. शेवटचं बंदर हॅम्बर्ग.”

सात आठवड्यांनी हॅम्बर्गच्या एका डब्यात त्याची नोंद पडली. सोबत जहाजाच्या ब्रिजवरचा फोटो, खिडकीपाशी घोडा आणि मागे नुसतं करडं पाणी. गोंड्याचा दोरा अजून घट्ट होता. तिथून स्टुटगार्ट साधारण ५३० किलोमीटर. परवा कुणीतरी तो उचललाय आणि लिहिलंय: “कासेलपर्यंत नेतो, सायकलवरून.” मावशीला तो फोटो पाठवला. तिने विचारलं, कासेल कुठे आलं, आणि तिथे पाऊस फार असतो का.