रुसलेला रिव्हर्ब

कॉम्प्युटरला अपडेट मारलं की काहीतरी रुसतंच, फक्त कोण रुसणार ते आधी कळत नाही. ह्या वेळी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट, रुसला, ते पण ऐन गणपतीच्या तोंडावर, मंडळाची पोरं रोज "भावा, गाणं झालं काय?" म्हणून फोन करतात त्या दिवसांत. कोल्हापुरात राजारामपुरीतली आमची खोली, बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर पाटी, अमुक प्लगिन (गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आमचा रिव्हर्ब त्यातलाच) सापडत नाही. प्ले केलं तर सनई एकदम कोरडी ठक्क.

गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये गाणं रचतो त्या प्रोजेक्ट फाईलमध्ये रिव्हर्ब नसतोच. त्याचं नाव, ओळखीचा कोड आणि आपण कुठलं बटण किती फिरवलंय एवढीच नोंद असते, खरं काम करणारा गडी बाहेर असतो, विंडोजवर प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये, व्हीएसटी३ च्या फोल्डरात. व्हीएसटी म्हणजे प्लगिन बनवायची एक ठरलेली पद्धत, स्टाइनबर्ग कंपनीनं ती काढली १९९६ ला, व्हीएसटी३ आलं २००८ ला, आणि एकाच प्लगिनचे हे दोन अवतार बऱ्याचदा एकमेकांना ओळखच देत नाहीत, म्हणजे इन्स्टॉलरनं नुसता नवा टाकला तर जुनं गाणं जुन्यालाच हाका मारत बसतं.

आमच्याकडं तसं नव्हतं, फाईल जागेवर होती. घोडं पेंड खात होतं लायसन्सपाशी. मशीनची ओळख म्हणे हार्डवेअर आणि सिस्टिमवरून ठरते, अपडेटनंतर ती कधी कधी बदलते, आणि मग तोच कॉम्प्युटर कंपनीला नवा वाटतो. मेसेज काय, तर लायसन्सवर चालणारी तुमची मशीनं संपली, आधी जुनं काढा. अरे, जुनं तेच की हे! पैसे मी मोजलेत, पावती माझ्याकडं, आणि परवानगी मागायची ह्यांची. "क्रॅक टाक की" म्हणणारे भेटतातच, पण त्यातनं व्हायरस आला की गाण्यासकट सगळंच बसायचं.

हलगीवाला मित्र शेजारी बसून हसत होता, हलगीला म्हणे असलं काही नाही. पण पावसाळी हवेत कातडं सैल पडलं म्हणून तोच थोड्या वेळापूर्वी आमच्या गॅसवर हलगी तापवत होता, ते सोयीस्कर विसरला.

वेबसाइटवर जाऊन जुनी नोंद काढली, परत ॲक्टिव्हेट केलं, तरी सॉफ्टवेअरच्या प्लगिनच्या यादीत नाव नाही. कारण सॉफ्टवेअर प्लगिनं तपासून बघतं, त्या स्कॅनमध्ये एकदा नापास झालेलं प्लगिन ते बाजूला टाकतं आणि परत बघतच नाही. ती नापासांची यादी पुसून नव्यानं स्कॅन केल्यावर स्वारी हजर, बटणं सगळी जिथल्या तिथं. लगेच प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट वेव्ह फाईल, म्हणजे नुसता तयार आवाज, करून ठेवला, वेव्हला कुणाचं लायसन्स लागत नाही.

रात्री मंडळाच्या पोराला ऐकवलं, मुद्दाम सनईपाशी थांबून रिव्हर्ब दाखवला.

"डॉल्बीवर ते कुणाला ऐकू येतंय व्हय? तू बेस वाढव."