कालवं धुऊन त्यांतले धातू का जात नाहीत?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. मी सागरी जीवशास्त्र शिकवतो हे कळले की कोकणातली माणसे हमखास विचारतात: खाडीत कारखान्यांचे पाणी येते हे खरे, पण कालवं आणि तिसऱ्या रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवून नीट उकळल्या, तर त्यांतले जड धातू निघून जात नाहीत का?

जात नाहीत. पाण्यात ठेवल्याने तिसऱ्या वाळू टाकतात आणि उकळल्याने बहुतेक जंतू मरतात. धातू मात्र पेशींच्या आत प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो.

कालव उघडले की कडेने करड्या झालरीसारखे पट्टे दिसतात, ते त्याचे कल्ले. श्वासासाठी आणि अन्नासाठी मोठे कालव तासाला काही लिटर पाणी त्यांतून गाळते. विरघळलेले धातू कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून शिरतात, तर गाळाच्या कणांना आणि सूक्ष्म वनस्पतींना चिकटलेले धातू अन्नाबरोबर हिरवट-काळ्या पाचक ग्रंथीत पोहोचतात. कॅडमियमचा आयन आकाराने आणि विद्युतभाराने कॅल्शियमच्या आयनाशी इतका मिळताजुळता असतो की ज्या वाटेने प्राणी कॅल्शियम घेतो, त्याच वाटेने कॅडमियमही आत येते. मोकळा राहिला तर हा धातू विकरे निकामी करील, म्हणून पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे गंधकाने समृद्ध प्रथिन तयार करून त्याला जखडून ठेवते. मला या बंदोबस्ताचे मनापासून कौतुक वाटते. पण त्यामुळेच कॅडमियम कालवाच्या अंगात महिनोन् महिने राहते. तांबे फार साठले, तर मांस चक्क हिरवे दिसते. याच साठवणुकीच्या आधारे अमेरिकेत १९८६ पासून शिंपले आणि कालवं तपासून किनाऱ्यावरील प्रदूषणाचा माग घेतला जातो.

पाऱ्याचे थोडे निराळे आहे. तळच्या चिखलातले जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो स्नायूंत मुरतो आणि लहान माशांकडून मोठ्यांकडे जाताना वाढत जातो, म्हणून तारलीपेक्षा मोठ्या मुशीत तो कितीतरी अधिक असतो. शिजवताना मांसातले पाणी उडाल्याने वजनामागे त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते.

तेव्हा कालवं कशी धुतली यापेक्षा ती कुठल्या खडकावरची, हे मी आधी विचारतो. सांडपाण्याच्या तोंडाशी किंवा बोटींना तांबेयुक्त रंग लावतात तिथे काढलेली कालवं मी घेत नाही, आणि जागा कोणती हे ती काढणाऱ्या बाईला नेमके ठाऊक असते.