दोन बोटं आणि ऐंशी मिलिमीटर

नववीतल्या मुलांना जर्मनीत दोन-तीन आठवडे कुठंतरी काम करावं लागतं. प्राक्टिकुम म्हणतात त्याला. कुणी बेकरीत जातं, कुणी दवाखान्यात. आमच्या लेकीनं निवडलं राटहाऊस, म्हणजे इथली नगरपालिका. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर कागदांना भोकं पाडली."

मी इतका हसलो की ती रुसलीच. पण मी तिला हसत नव्हतो. 1994 च्या उन्हाळ्यात, बारावीचा शेवटचा पेपर देऊन, मीही नेमकं हेच केलं होतं. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. वय अठरा, हुद्दा रोजंदारी, हत्यार दाभण.

त्याआधी ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे कलेक्टर लखिना साहेब यांनी आपली कचेरी आवरून दाखवली होती. तेव्हापासून साहेब बदलला की प्रत्येक कचेरीला अधूनमधून आवरायची हुक्की यायची. अशाच एका हुक्कीत माझी भरती झाली. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे सोडायचे, धूळ झटकायची, अ-ब-क-ड लावायचं. 'अ' कायमचं, 'ड' वर्षभरात रद्दी. सुटे कागद दिसले की भोक पाडून टॅगमध्ये ओवायचे.

भोक कुठं पाडायचं, हे अव्वल कारकुनांनी शिकवलं. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. "डावा कोपरा. वरून दोन बोटं, आतून दोन बोटं." झालं प्रशिक्षण. भाऊसाहेबांची बोटं केळ्यासारखी, माझी शेवग्याच्या शेंगेसारखी. त्यांनी टोचलेले कागद आणि मी टोचलेले कागद एका फायलीत गेले की फाईल पंख्यासारखी पसरायची.

आता इथलं ऐका. दोन भोकं, त्यांच्यामध्ये ऐंशी मिलिमीटर, कागदाच्या कडेपासून बारा. त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 838. भोक पाडायच्या यंत्राचं पेटंट फ्रीडरिश झोनेकन नावाच्या माणसानं 1886 साली घेतलं. त्याचा कारखाना बॉनमध्ये होता, आमच्यापासून तासाभरावर. त्यामुळे वीजबिल असो की लेकीचं प्रगतिपुस्तक, कुठलाही कागद कुठल्याही फायलीत गपकन बसतो. पंधरा वर्षं झाली, मला अजून याचं अप्रूप वाटतं. घरी तेवीस फायली आहेत. बायको म्हणते, तुझी कचेरी सुटलीच नाही.

पण आमच्या दाभणातही गंमत होती. एकदा मी सातबाराच्या उताऱ्यावर असं टोचलं की गट नंबरातला मधला आकडाच गेला. नेमके त्याच शेताचे मालक नक्कल मागायला आले. भाऊसाहेबांनी कागद उजेडात धरला. "तीन आहे का आठ?"

फेटेवाले आजोबा म्हणाले, "तीन. माझंच रान हाय."

"तुमचं सांगणं म्हणजे कागद नव्हे, बाबा."

मी कपाटामागं. शेवटी तलाठ्याच्या दप्तरात तीनच निघाला. आजोबा जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरा, सुई दे टोचायला, भाला नको." माझी चूक होती हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

इथं लेकीचं सगळं कायद्यात. तिच्या वयाला दिवसाला सात तासांवर काम नाही. सहा तासांवर गेलं की तासभर सुट्टी द्यावीच लागते, आणि तिला खरंच हाकलून द्यायचे. मी मात्र साहेब दौऱ्यावरून परत येईपर्यंत बसून. पण खरं सांगू? दुपारी शिपाईमामा त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढं ठेवायचे. इथं बारा वाजता सगळे एकमेकांना "मालत्साइट!" म्हणतात आणि आपापला डबा उघडून आपापलं खातात. शिवाय मला मजुरी मिळायची, हिला छदामही नाही. (माझे पैसे हातात पडले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या सहामाहीत होतो, हे मी तिला सांगितलं नाही.)

शेवटच्या दिवशी तिला शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिनं ते प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. याला भोक पाडायचं नसतं म्हणे. मग मी तेविसावी फाईल काढली आणि माझा अनुभवाचा दाखला दाखवला. भाऊसाहेबांनी सवयीनं त्यालाही दाभण मारलं होतं, गोल शिक्क्याच्या बरोबर मधोमध.

तिनं कागद उलटसुलट केला. "एकच भोक? मग कागद फिरत नाही का?"

"फिरतो की," म्हणालो. "या टेबलावरून त्या टेबलावर."